राक्षसांची पोथी आणि आत्यांचं ऑपरेशन

माझ्या कादंबरीत राजा नाही, हे आधीच सांगून टाकते. राजकन्या नाही, तलवार नाही, उडणारा घोडा तर अजिबात नाही. राक्षस आहेत, भरपूर आहेत. ते खाडीतून वर येतात आणि त्यांच्यासमोर उभे राहतात ते कोण, तर एक हमाल, एक खानावळवाली, एक लिफ्ट दुरुस्त करणारा, एक गजरे विकणारी आणि एक म्हातारी. एका प्रकाशकांनी पहिला खंड वाचून मला फोन केला होता. म्हणाले, "बाई, राक्षस झकास आहेत. पण यांच्याशी लढायला कुणीतरी नको का? राजा वगैरे?" मी म्हटलं, "घणसोलीत राजा राहत नाही." ते हसले. त्यानंतर त्यांनी माझा फोन कधी उचलला नाही.

आम्ही घणसोली गावात राहतो, म्हणजे टॉवर आहेत त्या बाजूला नाही, गावठाणात. घरमालकीण गावचीच, आगरी. तिच्या बिल्डिंगमध्ये वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या. नवरा साताऱ्याकडचा, मार्केटमध्ये माथाडी. मी पावण्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत आहे, रबराचे वॉशर बनतात तिथं, मी डिस्पॅचला बसते. माल निघाला की चलन छापायचं. छापताना कागद तिरका गेला की चलन वाया, आणि वाया गेलेल्या चलनाच्या पिवळ्या कागदाची मागची बाजू कोरी. जवळजवळ सगळी कादंबरी मी त्या मागच्या बाजूंवर लिहिली. जेवणाच्या सुट्टीत, डबा खाऊन. बरोबरीच्या बायका विचारायच्या, "काय लिहिते गं एवढं?" मी सांगायचे, "राक्षस." त्यांना वाटायचं मी सुपरवायझरबद्दल बोलतेय.

माझे राक्षस माणसं खात नाहीत. ते चव खातात. पहिल्या दिवशी आमटी अळणी लागते. मग भाजी, मग लोणचंसुद्धा. त्यानंतर बोलणं अळणी होतं, भांडण अळणी होतं. शेवटी माणूस नुसता बसून राहतो आणि घरातलं कुणी परत आलं काय, न आलं काय, त्याला काही वाटेनासं होतं. खाडीच्या बांधाला एक उघाडी असते, म्हणजे पाणी आत घ्यायचं नाहीतर अडवायचं लाकडी दार. राक्षस त्या दारातून येतात. ते दार आतल्या बाजूनं बंद करावं लागतं, आणि जो आत जाईल तो आतच राहील. एवढी सगळी गोष्ट आहे. तीन खंड लागले, त्याला मी काय करू?

आता आत्यांबद्दल. आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. त्या गावाकडं राहायच्या, पोट दुखतं म्हणून नवऱ्यानं त्यांना इकडं आणलं. वाशीच्या डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, पोटात गाठ आहे, काढायला हवी, आत्ता काढली तर बाई ठणठणीत राहतील, थांबलात तर मी काही बोलू शकत नाही. आत्यांनी ते नीट ऐकून घेतलं. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "श्रावण तोंडावर आलाय. श्रावणात अंगाला सुरी लावत न्हाईत."

असलं काही नसतं, हे मला माहीत होतं. नवऱ्यालाही माहीत होतं. पण आत्यांशी वाद घालणं हे त्याला आयुष्यात कधी जमलेलं नाही. पन्नास किलोची गोणी पाठीवर घेईल, पण आईसमोर ह्याच्या तोंडून शब्द फुटत नाही. मी म्हटलं, "ठीक आहे, श्रावण संपला की दुसऱ्या दिवशी जायचं." आत्या "बघू" म्हणाल्या. त्यांचं "बघू" म्हणजे नाही, हे मला लग्नाच्या पहिल्या वर्षीच कळलेलं.

खरं सांगायचं तर आमचं दोघींचं फार गूळपीठ कधी नव्हतं. भांडण नव्हतं, तसं प्रेमही नव्हतं. त्या मला "आगं" म्हणायच्या, मी त्यांना "अहो आत्या" म्हणायचे, आणि मध्ये जे काय असेल ते स्वयंपाकातून चालायचं. त्यांना माझी भाकरी जाड वाटायची. मला त्यांची चटणी तिखट वाटायची. दोघी एकमेकींचं खात होतो.

श्रावणातल्या पहिल्या सोमवारी मी कामावरून घरी आले तर दारात रांगोळी. आत पाट मांडलेला, समई लावलेली, नारळ ठेवलेला, वाटीत साखर. पाटावर लाल कापडात बांधलेलं एक गाठोडं. आत्या नवं लुगडं नेसून समोर बसलेल्या आणि शेजारी घरमालकीण डोक्यावर पदर घेऊन.

"हातपाय धू आनि बस वाचाय," आत्या म्हणाल्या.

दर श्रावणात त्या पोथीला बसायच्या. गावाकडं वाचून दाखवणारी एक म्हातारी होती, इथं कोण? आत्या दुसरीपर्यंत शिकलेल्या, अक्षर लावता लावता त्यांचा दिवस जायचा. आता वाचणारी म्हणजे मी. मी विचारलं, "पोथी कुठून आली?"

"कपाटातच की. तूच आनलीस नव्हं?"

मी गाठोड्याकडं नीट बघितलं आणि कपाळाला हात लावला. ते माझं होतं. माझी कादंबरी. ओल लागू नये म्हणून मी ती आत्यांच्याच एका जुन्या लाल लुगड्याच्या तुकड्यात बांधून कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवली होती. लाल कापड, जाड गठ्ठा, वर ठेवलेलं. आत्यांचं तरी काय चुकलं? पोथी अशीच ठेवतात. तिच्यावर हळदकुंकू वाहून झालेलं होतं. पहिल्या पानावर, जिथं मी ठळक अक्षरांत "खंड पहिला" लिहिलं होतं, तिथं कुंकवाचं बोट उमटलेलं.

तेव्हाच सांगायला हवं होतं की नाही, हा प्रश्न मला बरेच जण विचारतात. उत्तर सोपं आहे. मला भूक लागली होती. दोन पानं वाचते, उठते आणि खिचडी टाकते, असा माझा साधा हिशोब होता.

मी वाचायला लागले. पहिल्याच पानावर खाडीतून राक्षस येतो. आत्यांनी हात जोडले. पोथीत राक्षस असतोच, त्यात त्यांना काही वावगं वाटलं नाही. घरमालकीण म्हणाली, "अगो, ही तं आमचे गावची वाटते." पान उलटताना माझा गोंधळ झाला, छापील बाजू समोर आली आणि वाचण्याच्या भरात मी चलनाच्या तळाशी छापलेलं वाक्यही वाचून मोकळी झाले, "माल नीट तपासून घ्यावा, नंतर तक्रार चालणार नाही." दोघींनी माना डोलावल्या. आत्या म्हणाल्या, "खरं हाय बाई."

दोन दिवस मी कसंतरी निभावलं. तिसऱ्या दिवशी मात्र मला राहवेना. मी म्हटलं, "आत्या, एक सांगते, रागावू नका. ही पोथी नाहीये. ही मी लिहिलेली कादंबरी आहे. कामावर बसून."

आत्यांनी माझ्याकडं बघितलं. मग गठ्ठ्याकडं बघितलं.

"मग काय झालं? पोथीबी कुनीतरी लिवलेलीच आस्ती."

"अहो, पण यात देव नाहीये."

"आजून न्हाई आला. यील फुडं."

"पुढंपण नाहीये!"

"नारळ ठिवलाय," आत्या शांतपणे म्हणाल्या. "नारळ ठिवल्यावर आर्ध्यातनं उठायचं नसतंय. आनि पोथी हुईस्तवर शीव बी वलांडायची न्हाई."

त्यांनी काय केलंय हे माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. वाशी शिवेच्या पलीकडं. दवाखाना वाशीला. पोथी संपेपर्यंत आत्या घणसोलीबाहेर पाऊल टाकणार नव्हत्या, आणि पोथी संपवणं माझ्या हातात होतं, आणि ती पोथी मला गेली कित्येक वर्षं संपवता आलेली नव्हती. शेवटचा अध्याय तेवढा लिहिलेला होता, सगळ्यात आधी लिहिलेला. मधला मोठा भाग नुसता डोक्यात. टेन्शन म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं.

डॉक्टरांना सांगायला मी एकटीच गेले. म्हटलं, "त्या पोथीला बसल्यात. संपल्याशिवाय येणार नाहीत."

डॉक्टर चांगले होते, चिडले नाहीत. म्हणाले, "समजू शकतो. आमच्या घरी पण असतं. किती पानं राहिलीत?"

मी म्हटलं, "लिहायची आहेत."

त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाले, "लवकर लिहा."

त्यानंतर मी जेवढं लिहिलं तेवढं आयुष्यात लिहिलं नव्हतं. पहाटे उठून लिहायचे, जेवणाच्या सुट्टीत लिहायचे, संध्याकाळी दिवेलागणीला तेच वाचून दाखवायचे. शाई वाळलेली नसायची. चित्र डोळ्यांसमोर आणायला, शब्द शोधायला वेळच नव्हता. राक्षस आला, भांडण झालं, पुढं चला. मला वाटतं मधला खंड त्यामुळंच बरा झालाय.

आणि ऐकणाऱ्या बायका वाढत गेल्या. खालच्या खोल्यांतल्या दोघी यायला लागल्या, मग पलीकडच्या आळीतल्या. सगळ्यांना वाटायचं ही पोथीच आहे आणि आत्या कुणाचा गैरसमज दूर करत नव्हत्या. नवरा दाराबाहेर जिन्यावर बसायचा, हातात मोबाईल, आपण ऐकतच नाही असा चेहरा. एकदा वाचन संपल्यावर जेवताना म्हणाला, "त्या हमालाला मारू नको हां." मी म्हटलं, "बघू." आत्यांचाच शब्द.

घरमालकिणीचं आणि आत्यांचं रोज जुंपायचं. आत्यांचं म्हणणं, राक्षस ठार मारला पाहिजे. घरमालकीण म्हणायची, "नाय गो, राक्षस मरत नाय. आमचे खारीन, खारे शेतान पन हाय. त्याला नारल द्यायचा, कोंबरा द्यायचा, त्याचा मान त्याला दिला ना, का तो गप बसतो. मारला का त्याची पोरां येतात."

"आसलं आमच्यात न्हाई," आत्या म्हणायच्या. "आमच्यात मारत्यात."

"म्हनून तुमाला इकरं यावं लागला ना पोटासाठी."

मग दोघी चहा प्यायच्या. मला दोघींचं ऐकून पुढचं लिहावं लागायचं. एक अध्याय तर असा आहे की राक्षसाला आधी मान देतात आणि मग मारायला धावतात, आणि तो गोंधळून परत खाडीत जातो. तो अध्याय वाचला तेव्हा बायका खूप हसल्या. आत्याही हसल्या. हसताना त्यांनी पोटावर हात दाबून धरला, ते मी बघितलं. त्यांना दुखत होतं आणि ते त्या सांगत नव्हत्या. मला त्यांचा भयंकर राग आला आणि भीतीही वाटली, दोन्ही एकदमच.

मग तो अध्याय आला. उघाडी आतून कुणी बंद करायची, हे ठरवायला सगळे खानावळीत जमतात. हमालाला पोरं आहेत. गजरेवालीचं लग्न ठरलंय. लिफ्टवाला गेला तर अख्ख्या घणसोलीतल्या लिफ्ट बंद पडतील. खानावळवाली गेली तर सगळे उपाशी. एकेक जण आपलं सांगतो आणि मग सगळ्यांच्या नजरा म्हातारीकडं वळतात. म्हातारीच म्हणते, "मी जाते. माझं काय राहिलंय आता?"

मी हे वाक्य वाचलं आणि आत्या म्हणाल्या, "बरुबर बोलली."

इतक्या सहज म्हणाल्या, की मी वाचता वाचता थांबले. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या, चेहऱ्यावर काही नाही. बाकीच्या बायका हळहळत होत्या. घरमालकीण तर म्हणाली, "मेल्यांनी म्हातारीला बरी फुरं केली." आत्यांना मात्र ते अगदी पटलेलं होतं.

दुसऱ्या दिवशी रविवार. आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. आत्या म्हणाल्या, "ती म्हातारी माघारी येत न्हाई ना?"

"का?"

"न्हाई, इचारलं."

त्यांनी दोन काड्या निवडल्या, मातीची मुळं तोडून बाजूला टाकली. मग म्हणाल्या, "न्हाई आली तर ब्येसच हाय. डॉक्टरला सांगाय यील, पोथीतच तसं निघालं म्हनून. पोथीत निघाल्यावर कोन काय बोलनार?"

माझ्या हातातली जुडी तशीच राहिली. म्हणजे यांना नुसतं पोथी संपेपर्यंत थांबायचं नव्हतंच. यांना पोथीत म्हातारी मरायला हवी होती. आमच्याकडं पोथीचं पान उघडून बघतात, काय निघतं ते, आणि त्याप्रमाणं करतात. आत्यांनी माझी अख्खी कादंबरी त्याच कामाला लावली होती. म्हातारी गेली की यांचं ठरलं, ऑपरेशन नाही. नवरा काही बोलू शकणार नाही, मीही बोलू शकणार नाही, कारण लिहिलं कुणी, तर मीच!

"आत्या," मी म्हटलं, "तुम्हाला जगायचं नाहीये का?"

"जगायचं न्हाई आसं कुटं म्हनलं? पन कुनाला आडून ऱ्हायलंय का काय माज्यावाचून?" त्या म्हणाल्या आणि मेथीची परडी उचलून आत गेल्या. रागानं नाही हं. हवा कशी आहे ते सांगावं तसं म्हणाल्या.

मी तिथंच बसून राहिले. मला ओरडायचं होतं, पण काय ओरडायचं ते सुचेना. ज्या बाईशी मी वर्षानुवर्षं भाकरीच्या जाडीवरून बोललेय, तिला एकदम काय सांगणार? आमच्यात तसली भाषाच नव्हती.

शेवटचा अध्याय म्हणजे माझा जीव की प्राण होता. सगळ्यात आधी लिहिलेला, चलनांच्या कडा झिजलेल्या, त्यावर कितीदा हात फिरवलेला. त्यात ओहोटीला म्हातारी बांधावरून चालत जाते, उघाडीत शिरते, आतून दार ओढून घेते. बाहेर सगळ्यांच्या ताटातल्या आमटीला परत मीठ लागतं, आणि जेवता जेवता सगळे रडायला लागतात, कारण आता त्यांना परत काहीतरी वाटायला लागलंय. तो अध्याय वाचून मी स्वतः रडलेय. मी याहून चांगलं काही लिहिलेलं नाही आणि पुढं लिहीन असंही मला वाटत नाही. तो मी कपाटाच्या तळाशी, स्वेटरांच्या खाली ठेवून दिला.

आणि नवा लिहायला घेतला. कंपनीत तोपर्यंत नवं मशीन आलं होतं, चलनं वाया जाणं बंद झालं होतं, म्हणून स्टेशनरीच्या दुकानातून कोरा पांढरा कागद आणला. म्हातारीला बाहेर कसं काढायचं? दोन जेवणाच्या सुट्ट्या मी नुसती बसून काढल्या. शेवटी लिफ्टवाल्याच्या हातात दोरी दिली. म्हातारीच्या कमरेला दोरी बांधायची, ती आत जाऊन दार लोटणार, आणि ते बंद होण्याच्या आत हमालानं तिला खेचून बाहेर काढायचं. खानावळवाली पातेलं बडवून इशारा देणार. घरमालकिणीसाठी एक नारळही घातला, दाराशी, राक्षसांचा मान म्हणून. साहित्य म्हणून हे किती भिकार आहे ते मला लिहितानाच दिसत होतं.

नवऱ्यानं वाचून बघितलं. म्हणाला, "दोरी कुठून आली?"

"लिफ्टवाल्याकडं दोरी असते."

"मागं तर कधी नव्हती."

"आता आहे," मी म्हटलं. "मान्य नसेल तर तू जाऊन आईला सांग, ऑपरेशनला चल म्हणून."

"दोरी बरी आहे," तो म्हणाला.

पोथीच्या समाप्तीला आमच्या दोन खोल्यांत पाय ठेवायला जागा नव्हती. मी वाचत गेले. दोरीपाशी माझा आवाज जरा घाईत गेला, पण पातेलं बडवायला लागल्यावर बायका पुढं सरकल्या आणि म्हातारी बाहेर आली तेव्हा एकीनं चक्क टाळ्या वाजवल्या. घरमालकीण खूष, राक्षसांना नारळ मिळाला होता. ती म्हणाली, "आता कसं, आता कशी शोभली पोथी." आत्यांनी नारळ फोडला, सगळ्यांना खोबरं आणि साखर वाटली, माझ्या हातावर जरा जास्तच ठेवली. मग पाट उचलून भिंतीला लावून ठेवला.

त्यांनी आता आणखी काहीतरी काढलं तर काय करायचं, भाद्रपद, पितृपक्ष, अमावस्या, या विचारानं मी धास्तावले होते. पण सकाळी उठले तर आत्या पिशवी भरून दारात बसलेल्या. लुगडी, कंगवा, त्यांचा पितळी तांब्या.

"चला," म्हणाल्या. "पोथी झाली. माघारी आली म्हातारी. आता काय कारन ऱ्हायलं?"

मला लोकांना टांगून ठेवायला आवडत नाही, कादंबरीतसुद्धा नाही, म्हणून सांगून टाकते. ऑपरेशन नीट झालं. गाठ साधी निघाली. डॉक्टर मला म्हणाले, "पोथी अजून थोडी लांबली असती तर मी जबाबदार नव्हतो हां." आत्या आज घरी आहेत, माझी भाकरी अजून जाडच आहे. पण मला सांगायचंय ते ऑपरेशनच्या आधीचं.

त्यांना हिरवा गाऊन घालून ट्रॉलीवर झोपवलं होतं. लुगडं नाही, कपाळावर कुंकू नाही, हातातल्या बांगड्या काढलेल्या. मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं. एवढ्याशा दिसत होत्या. नवरा कागदांवर सह्या करायला काउंटरवर गेला होता. थिएटरच्या दारापाशी वॉर्डबॉय ट्रॉली थांबवून कुणाची तरी वाट बघत उभा होता. आत्यांनी मला बोटानं जवळ बोलावलं.

"खरं सांग. आदी म्हातारी मरत हुती ना?"

"कोण म्हणालं?"

"बाकीची समदी पानं पिवळी. शेवटचीच तेवडी पांढरी. मला धड वाचाय येत न्हाई, पन दिसतंय की."

मी म्हटलं, "हो. मरत होती."

"झ्याक आसंल ते."

"खूप छान होतं, आत्या. सगळ्यात छान तेच होतं."

"मग बदाललंस कशाला?"

मी म्हटलं, "तुम्ही पाहिजे आहात म्हणून."

"कुनाला? त्येला व्हय?" त्यांनी काउंटरच्या दिशेनं हनुवटी केली.

"त्याला तर आहातच. मला," मी म्हटलं. "मला पाहिजे आहात."

आत्या माझ्याकडं बघत राहिल्या. त्यांच्या डोळ्यांच्या कडेनं पाणी आलं आणि कानाकडं गेलं, झोपलेल्या होत्या ना. त्यांनी ते पुसलं नाही. मग त्यांच्या नेहमीच्या आवाजात, भाकरी जाड झाली की काढतात अगदी त्याच आवाजात म्हणाल्या, "येडे, येवडं सांगाय येवडी मोटी पोथी लिवायची व्हय? घरात सांगायचं की. म्या तवाच आले आस्ते."

वॉर्डबॉयनं ट्रॉली आत ढकलली आणि दार बंद झालं. मी बाहेरच्या बाकावर बसले आणि हमसाहमशी रडायला लागले. नवरा सह्या करून धावत आला. घाबरून म्हणाला, "अगं, अजून ऑपरेशन सुरू पण नाही झालं."

मी म्हटलं, "माहीत आहे."